फुलीचा एफ

घाटनांदूरला स्टेशनच्या वाटेवर आमचं घर होतं आणि त्या घरात कोंबड्याच्या आधी क्लॅरनेट जागा व्हायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पलटणीच्या बँडमध्ये नोकरी करून पेन्शनीवर गावी आलेले. चूळ भरून, चहाच्याही आधी ते ओसरीवर ताठ बसायचे आणि एकच सूर धरायचे. तो सूर इतका लांब असायचा की चुलीपुढं बसलेली आई तेवढ्यात भाकरी थापून तव्यावर टाकायची. सूर संपला की आईच्या बांगड्या ऐकू यायच्या, मग गोठ्यातली शेळी, मग पुन्हा सूर. मी आणि भानूदादा वाकळेत पडून ते ऐकायचो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. परळीकडून येणाऱ्या गाडीनं शिट्टी दिली की तो वाकळेतूनच तोंडानं शिट्टीचा तोच सूर काढायचा. नेमका तोच, एक केसभरही वरखाली नाही. अण्णा बाहेरून म्हणायचे, "गाडीला जवाब देऊ नको, उठ." पण त्यांच्या आवाजात तेव्हा हसू असायचं. ते हसू मला अजून आठवतं, म्हणूनच पुढचं सांगताना जड जातं.

अण्णांनी गावात बँड उभा केला होता. शेती चार एकर, तीही कोरडवाहू, म्हणून लग्नसराई हेच आमचं खरं पीक. ढोल म्हादूकाकांकडं असायचा. ते अण्णांचे बालमित्र, पोट सुटलेले, हसरे, गावातल्या कुणाही म्हशीला नावानं ओळखणारे. बाकी ताशेवाले, बाजेवाले सगळे कानानं वाजवणारे. अण्णा एकटेच सुरांचे कागद वाचून वाजवू शकत होते, आणि वरातीपुढं कागद धरायला जागा नसली तरी त्यांच्या पिशवीत पलटणीतले जुने कागद असायचेच. वरातीहून परत येताना ते धोतराच्या फडक्यात बुंदी बांधून आणायचे. आई येसराची आमटी करायची, तिखटजाळ, आणि आम्ही आमटीत भाकरी कुस्करून वर बुंदी खायचो. आमच्याकडं गोड शेवटी खायची पद्धत नव्हती. जे आधी हाताला लागेल ते आधी.

अण्णांची एकच इच्छा होती, भानूनं पलटणीच्या बँडमध्ये जावं. ते सतरा-अठराव्या वर्षी साधे शिपाई म्हणून भरती झालेले. शीळ चांगली घालतो म्हणून कुणीतरी त्यांना बँडमास्तरांपुढं उभं केलं. दक्षिणेकडचे ते म्हातारे गृहस्थ. त्यांनी अण्णांना छडीच्या धाकात कागद वाचायला शिकवलं. अण्णांबरोबर भरती झालेला एक जोडीदार होता, तो कानानं काहीही वाजवायचा. त्याला कागद येईना, म्हणून त्याला स्वयंपाकखान्यात धाडलं. "आमी परेडला वाजवायचो," अण्णा सांगायचे, "आन् तो आत कांदे चिरता चिरता तेच शिट्टीवर वाजवायचा. माझ्यापेक्षा चांगलं. पर कांदेच चिरले त्यानं, बाबा." ही गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा सांगितली असेल. लहानपणी मला ती गमतीची वाटायची. ती भीतीची गोष्ट होती हे कळायला मला माझी स्वतःची मुलं व्हावी लागली.

तर शिकवणी. अण्णांनी एका पत्र्याला काळा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं पाच आडव्या रेघा मारल्या. तो पत्रा ओसरीच्या भिंतीला टेकवलेला असायचा. खडूनं त्यावर सूर काढायचे, फडक्यानं पुसायचे. शिकायचं होतं भानूदादानं. मी नुसती बसायचे, कारण ओसरी झाडून झाल्यावर तिथंच शेंगा फोडायला बसण्याची माझी वेळ होती. पण सूर रेघेवर बसला तर अमुक, दोन रेघांच्या मध्ये बसला तर तमुक, हे माझ्या डोक्यात असं शिरलं, जसं काही मला ते आधीपासूनच येत होतं. सुरांची नावं इंग्रजी अक्षरांची, ए पासून जी पर्यंत. मी शेंगा फोडता फोडता उत्तरं द्यायचे. अण्णा आधी दुर्लक्ष करायचे, मग हळूहळू मला पुढं बसवू लागले.

गाण्याच्या सुरुवातीला, पाच रेघांच्या अगदी डाव्या कडेला, कधी एक तर कधी चार-पाच अशा बारीक जाळ्या काढलेल्या असतात. त्या शार्प. त्या सगळ्या मिळून की सिग्नेचर. अण्णा त्याला 'दारावरची पाटी' म्हणायचे. "पाटी वाचल्याबिगर घरात शिरायचं न्हाई," ते म्हणायचे. "एकदा पाटीवर एफ लिवला, की आतल्या समद्या एफना अर्धा सूर वर चडवायचं. वरचा एफ, खालचा एफ, कुटलाबी. परत परत सांगनार न्हाई कुनी." या जाळ्या वाटेल त्या क्रमानं येत नाहीत. आधी एफ, मग सी, मग जी, असा त्यांचा ठरलेला क्रम. तो पाठ व्हावा म्हणून त्यांनी एक वाक्य बनवलं होतं: फुला, साखर गोड दे आईला, इथं बस. एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. माझं नाव फुला. सगळ्या शार्पमध्ये माझा पहिला नंबर, म्हणून मी गावभर मिरवले. कुणाला काही कळलं नाही ते सोडा.

भानूदादाला ते वाक्य एका दमात पाठ झालं. ऐकलेलं काहीही त्याला एका दमात पाठ व्हायचं. पण पत्र्यासमोर उभा राहिला की त्याचं तोंड उतरायचं. शाळेतही तेच. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' त्याला सारखेच दिसायचे. धडा वाचायला उभं केलं की तो शेजारच्या पोराचं ऐकून म्हणायचा आणि मास्तरांना वाटायचं वाचलं. आज या गोष्टीला नाव आहे. माझ्या नातीच्या शाळेत एका बाईंनी मला समजावून सांगितलं, डिस्लेक्सिया म्हणतात, बुद्धीचा दोष नाही, काही लेकरांना अक्षरं जागेवर ठरत नाहीत, त्यांना वेगळ्या रीतीनं शिकवावं लागतं. नातीला त्या बाईंनी वेगळ्या रीतीनं शिकवलं, ती आता गोष्टीची पुस्तकं वाचते. त्या दिवशी मी त्यांच्यापुढं खुर्चीत बसून मान हलवत राहिले आणि घरी येऊन मोरीचं दार लावून रडले. सुनेला वाटलं, नातीसाठी.

एका सकाळी अण्णांनी पत्र्याच्या डाव्या कडेला चार शार्प काढले. पुढं एक जी, मग एक एफ, मग पुन्हा जी. मधल्या एफच्या अंगाला लागून एक छोटीशी फुली काढली. तशी फुली आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

"ही डबल शार्प," अण्णा म्हणाले. "फुले, गा."

मी मनाशी हिशोब केला. पाटीवर एफ आहे, म्हणजे एफ आधीच अर्धा वर. त्यात फुली, म्हणजे आणखी दोन अर्धे. मी जी गायला, मग एफ चढवत चढवत नेला, मग जी. तीनही सूर एकच निघाले. अण्णा मोठ्यानं हसले. ते असं फार कमी हसायचे.

"आगं, तू तर एकाच जागी उभी ऱ्हायलीस की!"

मग त्यांनी समजावलं. फुली आली की दारावरची पाटी त्या सुरापुरती विसरायची. मोजायचं ते साध्या, बिनशार्पच्या एफपासून. तिथून दोन अर्धे वर. "कुटं पोचलीस?"

"जी," मी म्हणाले. "साधा जी."

"बराबर."

"मंग जीच कावून लिवत न्हाईत? एफला उगंच फुली कशाला?"

हा प्रश्न अण्णांना फार आवडला. खडू हातात घेऊन ते पत्र्यापुढं बसले. म्हणाले, पाटीवर जीसुद्धा शार्प आहे. आता एक जी वरचा आणि एक साधा, दोन्ही एकाच रेघेवर लिहिले तर आधी पाटी खोडायची खूण काढावी लागेल, पुढच्या सुराला पुन्हा शार्पची. वाचणारा ठेचकाळतो. "आन् गान्यात काय झालंय? सूर एक पायरी खाली उतरला आन् माघारी वर चडला. मंग कागदावर बी तो खाली उतरलेला दिसाया पायजे का न्हाई? म्हनून एफच्या जागंवर लिवायचा. आवाज जीचा, पर काम एफचं." मला ते इतकं स्वच्छ कळलं की आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

"भान्या, आता तू वाजव."

दादानं क्लॅरनेट तोंडाला लावला. पत्र्याकडं बघितलं. बोटं भोकांवर घोटाळली आणि भलताच सूर निघाला. पुन्हा. पुन्हा भलताच. अण्णांनी त्याच्या हातातून क्लॅरनेट घेऊन ते तीन सूर स्वतः वाजवले आणि परत दिला. दादाचा चेहरा उजळला. त्यानं ते तीन सूर वाजवले, आणि थांबला नाही, त्यांच्या पुढचं सगळं गाणं वाजवत गेला. पत्र्यावर पुढचं काही लिहिलेलंच नव्हतं. अण्णांनी ते गाणं कधीतरी, कदाचित दोन पावसाळ्यांपूर्वी, ओसरीवर वाजवलं होतं तेवढंच. चुलीपाशी आईचा हात थांबला. शेजारची बाई परसात धुणं घेऊन उभी राहिली. मी आयुष्यात पुढं मोठमोठ्या वादकांना ऐकलं, माझ्या मुलानं मला पुण्याला नेऊन ऐकवलं. पण त्या सकाळसारखं काही माझ्या कानावर पुन्हा पडलं नाही.

गाणं संपल्यावर अण्णा म्हणाले, "फुलीचा सूर कंचा? बोट ठेव."

दादानं पत्र्यावर बोट ठेवलं. दुसऱ्याच सुरावर.

"नीट बग."

"अण्णा, रेघा हालत्यात."

"काय?"

"रेघा हालत्यात, अण्णा. सूर वरच्या रेघंवर व्हता, आता खाली गेला."

अण्णांनी त्याच्या कानफटात मारली. "बारकी पोरगी बिनचूक सांगतीय, आन् तुला रेघा हालत्यात व्हय?" आई पदराला हात पुसत बाहेर आली. ती अण्णांपुढं सहसा बोलायची नाही. म्हणाली, "कानानं येतंय न्हवं त्याला? मंग डोळ्याचा येवडा हट्ट कावून?" अण्णा तिच्याकडं न बघता म्हणाले, "कांदे चिराया लावू का ह्याला?"

मात्र अण्णा निर्दय नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात ते दादाला एस.टी.नं अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. वाटेत त्याला नवी चप्पलसुद्धा घेतली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळे घारीसारखे आहेत, काळजीचं कारण नाही. ते खरंच होतं. पण त्या एका खऱ्या गोष्टीनं दादाची शेवटची वाट बंद झाली. डोळे चांगले आहेत, डोकं चांगलं आहे, मग उरलं काय? आळस. नाटक. त्या दिवसापासून अण्णा हेच धरून बसले आणि दादानं रेघा हलतात हे म्हणणं सोडून दिलं.

भरतीची खबर आली तेव्हा दादा अठरा वर्षांचा झाला होता. औरंगाबादला छावणीत बँडसाठी पोरं घेणार होते. अण्णांनी पिशवीतले सगळे कागद बाहेर काढले. मी कागद वाचून गायचे आणि दादा वाजवायचा. अण्णा बसून ऐकायचे. त्यांना वाटायचं, ऐकता ऐकता कधीतरी डोळ्यातही बसेल. दादाला ती सगळी गाणी येऊ लागली. म्हादूकाका संध्याकाळी येऊन ओसरीच्या कडेला बसायचे आणि म्हणायचे, "भान्या, तू गेलास का आमचा बँड मुका व्हईल बे." दादा लाजायचा. त्या महिनाभरात आमच्या घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. आईनं धपाटे करून बांधून दिले, सोबत दह्याचा गडवा. दादा खिडकीतून हात हलवत गेला. अण्णांनी कोट घातला होता, छातीवर पलटणीचं पदक.

ते दोघं परत आले तेव्हा मी दारातच होते. अण्णा सरळ आत गेले, कोट खुंटीला लावला आणि पाणी मागितलं. दादा परसात जाऊन हौदावर बसला. मी त्याच्यामागं गेले. बराच वेळ तो पाण्यात बोट फिरवत राहिला.

"वाजवलास ना?" मी विचारलं.

"वाजवलं. पयलं त्यांनी इचारलं तुला काय येतंय. मी वाजवलं. मोठे सायेब खुर्चीवरून उठून जवळ आले, फुला. म्हनाले, कुटला रे तू? मी म्हनलं बीड जिल्हा, घाटनांदूर." त्यानं बोट पाण्यातून काढलं. "मंग त्यांनी फडताळातून नवा कागद काढला. मी कंदीच न ऐकलेला. चार शार्पा व्हत्या दारावर. मदी कुटंतरी फुली बी व्हती, तेवडी मला वळकू आली."

"मंग?"

"मंग समदं पान वाऱ्यावर कापड हालल्यावानी हालाया लागलं. मी म्हनलं, सायेब, एकडाव कुनीबी वाजवून दावा, मी लगेच वाजवतो. जसंच्या तसं. ते लई चांगले व्हते. हसले न्हाईत. म्हनाले, बेटा, कागद शीक आन् पुडच्या सालाला ये."

"आन् अण्णा?"

"अण्णा भायेर व्हरांड्यात हुबे व्हते. त्यांना मागनं आतून आवाजच आला न्हाई ना." दादा हौदातल्या पाण्याकडं बघत म्हणाला, "मी भायेर आलो तवा त्यांनी पदक काडून खिशात घातलेलं व्हतं."

पुढचे काही दिवस घरात ताटं वाजायची तेवढाच आवाज. अण्णा सकाळी उठून सूर धरायचे, पण पत्र्यापुढं आता फक्त मला बोलवायचे. मला सगळं येत होतं. माझ्या येण्याचं काय करायचं हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. पलटणीत मुली घेत नव्हते आणि वरातीपुढं क्लॅरनेट वाजवणारी मुलगी आमच्या गावानं बघितली नव्हती, बघणारही नव्हती. अण्णा मला अवघड अवघड कागद देत राहिले, मी गात राहिले आणि दादा गोठ्यात शेळ्यांना पाला टाकत ते ऐकत राहिला.

दसऱ्याच्या आसपास एका सुपारीला बँड निघायचा होता. सगळे आमच्या अंगणात जमले. म्हादूकाका म्हणाले, "मास्तर, भानूला घ्या की संगं. पोरगं क्लॅरनेटवर जीव टाकतंय, त्याचा कान म्हंजी देवाचं देनं हाय."

अण्णा क्लॅरनेटची पत्ती ओठात भिजवत होते. ती काढून ते म्हणाले, "कान जनावरालाबी आसत्यात, म्हादू."

दादा गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं ऐकलं. म्हादूकाकांनी त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ताशेवाल्यानं ताशा गळ्यात अडकवला आणि ते सगळे निघून गेले.

आमचे मामा शिरूर कासारला असायचे. दरवर्षी ते ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीबरोबर कारखान्यावर जात. दिवाळी झाली आणि दादा त्यांच्याकडं गेला. आईला वाटलं, चार दिवस मन रमवून येईल. मामांचा निरोप आला तेव्हा ट्रक निघून गेला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. आमचा भानूदादा अर्धा कोयता म्हणून गेला. आईनं अण्णांपुढं ताट आपटलं, माझ्या आठवणीत तेवढं एकदाच. अण्णा म्हणाले, "काम करू दे. घाम गाळल्यावर कागदाची किंमत कळंल." मला वाटतं, ते खरोखरच असं मानत होते. पोरगं हंगाम संपून पट्टा पडल्यावर परत येईल, आंबट तोंडानं पत्र्यापुढं बसेल, आणि पुढच्या सालाला छावणीत जाईल.

दादा पट्टा पडायच्या आधीच आला. संक्रांत झाली होती, आई तिळाचे उरलेले लाडू डब्यात भरत होती. मामा पुढं, दादा मागं. त्याच्या अंगावर मामांचं घोंगडं होतं आणि डावा हात घोंगड्याच्या आत. डाव्या हातानं ऊस धरायचा आणि उजव्या हातानं बुडखात कोयता घालायचा, अशी ती तोड असते. पहाटेचं धुकं, पाचटावर दव, बोटं बधिर झालेली. मामा सांगत होते आणि आई ऐकत नव्हती. तिनं घोंगडं बाजूला केलं होतं. डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गेली होती.

अण्णा आतून बाहेर आले. त्यांनी हात बघितला. क्लॅरनेट वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही की ती दोन बोटं म्हणजे काय. ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले, सावकाश, जणू कुणीतरी त्यांना खांद्यांवर दाबून बसवत होतं. दादाच उलट त्यांच्याजवळ गेला. म्हणाला, "दुखत न्हाई आता, अण्णा."

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात क्लॅरनेट वाजला नाही. मी वाकळेत पडून वाट बघत राहिले. भाकरी थापल्याचा आवाज आला, शेळी ओरडली, गाडी शिट्टी देऊन गेली. त्या शिट्टीला दादानंही उत्तर दिलं नाही. अण्णांनी पत्रा उचलून नेला आणि गोठ्याचं छप्पर जिथं गळत होतं तिथं टाकून वर दगड ठेवला. मला ते म्हणाले, "फुले, बास आता. तू बी आईच्या हाताखाली लाग." मला तेव्हा कागद वाचता येणं सुटलं नाही, पण वाचायला कागद उरला नाही. दोन वर्षांनी माझं लग्न झालं. अंबाजोगाईला एका शाळामास्तरांच्या घरात पडले. सासर चांगलं होतं. पेटी होती घरात, भजनाची. तिच्यावर मी कधीमधी चार शार्पची पाटी मनात धरून बोटं चालवायचे, कुणी नसताना.

अण्णा पुढं पुन्हा वाजवू लागले, पोटासाठी. दादाला म्हादूकाकांनी ढोल शिकवला. टिपरू धरायला उजवा हात शाबूत होता आणि डाव्या हाताच्या तीन बोटांत वेताची काडी बसायची. पुढं अण्णा, मागं दादा, अशा त्यांनी कितीतरी वराती काढल्या. अण्णा वाजवताना जरा जरी ढळले तरी मागून ढोलाची एक हलकी थाप यायची आणि ते सावरायचे, असं म्हादूकाका सांगायचे. ते दोघं शेतावर, बाजारात, एकमेकांशी सगळं बोलायचे. त्या एका गोष्टीबद्दल मात्र कधीच नाही. अण्णा अखेरच्या आजारात दादाच्याच मांडीवर होते. तोंडात पाणी घातलं तेही दादानं, त्याच डाव्या हातानं. अण्णांच्या मनात शेवटपर्यंत काय होतं मला माहीत नाही. दादा आळशी नव्हता हे त्यांना कधी उमगलं असेल का, हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारत आले.

नातीच्या शाळेतल्या त्या बाई भेटल्यानंतर मला राहवेना. मी मुलाला म्हटलं, मला घाटनांदूरला सोड. दादा आता चौऱ्याहत्तरीचा. वहिनी गेल्यापासून एकटाच असतो, शेजारची सून डबा देते. मी गेले तेव्हा तो अंगणात बाजेवर बसून ऊन खात होता. मी त्याच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. हा एक प्रकार असतो. डोळे चांगले असतात, डोकं चांगलं असतं, तरी अक्षरं जागेवर राहत नाहीत. तुझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत जगात. त्यांना शिकवायची रीत वेगळी असते, आपल्याकडं तेव्हा ती कुणाला ठाऊक नव्हती. आळस नव्हता दादा. नाटक नव्हतं. तुझा काही दोष नव्हता.

तो फार लक्ष देऊन ऐकत होता. ऐकताना पूर्वीपासून त्याची मान जराशी डावीकडं कलायची, तशी ती कलली होती. "काय नाव म्हनलीस?" त्यानं विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यानं ते एकदाच ऐकून बिनचूक म्हटलं, माझ्याहून नीट.

मला वाटलं, आता त्याला हलकं वाटलं असेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मंजी खरंच हालत व्हत्या रेघा," तो म्हणाला.

"हो दादा. तुला खरंच तसं दिसायचं."

त्यानं मान हलवली. मग माझ्याकडं वळून, लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मंग आता अण्णाला कोन सांगनार?"